पाझर

डॉ. अच्युत राजहंस यांना स्वतःच्या शर्टाचं वरचं बटण लावता येत नव्हतं, आणि ते पाहून मंजिरी कुडचेला बरं वाटलं.

तपासणीसाठी त्यांनी ते काढलं होतं. गळ्यावरची शस्त्रक्रियेची आडवी खूण अजून गुलाबी होती. बटण परत लावायला गेले तेव्हा उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटून ताठ झाली, अंगठा तळव्यात ओढला गेला, मनगट आत वळलं. हाताची पक्ष्यासारखी चोच झाली. डाव्या हातानं त्यांनी ती उघडायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"मदत करू का, सर?" मंजिरीनं विचारलं. खुर्चीतून मात्र ती उठली नाही.

"नको. सुटतं थोड्या वेळानं." त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "तुला माहीतच आहे."

तिला माहीत होतं. असाच वळलेला हात तिनं आपल्या भावाचा पाहिला होता.

मिरजेतल्या त्या छोट्या रुग्णालयात राजहंस पुण्याहून एकटेच आले होते. हाडांच्या विकारांवरचे देशातले सगळ्यात मोठे संशोधक, 'अस्थिका' कंपनीचे संस्थापक आणि एके काळचे मंजिरीचे गुरू. बाहेर बाकावर बसलेल्यांपैकी कुणीच त्यांना ओळखलं नव्हतं.

"थायरॉइडमध्ये गाठ निघाली," ते म्हणाले. "ती काढताना मागच्या चारही ग्रंथी गेल्या. गोळ्यांवर आहे, पण गोळ्यांनी मूत्रपिंडात खडे धरायला लागलेत. एक मूत्रपिंड जवळजवळ गेलंच म्हण. मला तुझा दाणा हवाय, मंजिरी."

"तुम्ही माझ्याकडे आलात?"

"दुसऱ्या कुणाकडे आहे तो?"

गळ्यात, थायरॉइडच्या पाठीमागे, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तातल्या कॅल्शियमवर नजर ठेवणं हेच त्यांचं काम. शरीरातलं जवळजवळ सगळं कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तात असतं ते अगदी थोडं. पण त्या थोड्यावरच मज्जातंतूंचे निरोप, स्नायूंची हालचाल आणि हृदयाचा ठोका अवलंबून असतो. रक्तातली पातळी जराशी घसरली की या ग्रंथी एक संप्रेरक सोडतात. त्याच्या हुकमानं हाडं आपल्यातलं थोडं कॅल्शियम रक्तात सोडतात, मूत्रपिंडं ते लघवीतून वाया जाऊ देत नाहीत आणि शिवाय ड जीवनसत्त्वाला जागं करतात. जागं झालेलं ड जीवनसत्त्व आतड्याला जेवणातलं कॅल्शियम आत ओढून घ्यायला लावतं. हे संप्रेरकच नसेल तर माणसानं कितीही दूध प्यावं, नाचणीच्या कितीही भाकऱ्या खाव्यात, त्यातलं बरंचसं आतड्यातून तसंच निघून जातं. मग मज्जातंतू बिथरतात, हात वळतात, कधी कधी घसाही आवळतो.

या संप्रेरकाची आणखी एक गंमत आहे. ते ठोक्याठोक्यानं, मध्ये विश्रांती देत आलं तर हाडं भरून येतात. तेच अखंड झिरपत राहिलं तर हाडं विरघळतात. रसायन तेच, मात्राही फार वेगळी नाही. फरक पडतो तो मधल्या विश्रांतीचा.

ज्यांच्या ग्रंथी गेल्या त्यांच्यासाठी राजहंसांनी दाणा तयार केला होता. प्रयोगशाळेत वाढवलेल्या ग्रंथीपेशींची ती एक इवलीशी कुपी. ती कोपराच्या खाली कातडीच्या आत बसवत. या पेशींना रक्तातलं कॅल्शियम कळत नसे, पण प्रकाश कळे. दंडाला बांधतात तसा एक पट्टा कुपीवर बांधला की तो कातडीतूनच कॅल्शियम मोजायचा आणि लागेल तसा तांबडा उजेड पाडायचा. उजेड पडला की पेशी जाग्या, विझला की गप्प. किती वेळ उजेड आणि किती वेळ अंधार, याला राजहंसांच्या प्रयोगशाळेत ताल म्हणत. तालाचं सगळं गणित मंजिरीनं मांडलेलं होतं.

आणि पहिल्या काही रुग्णांत तिनं आपल्या मोठ्या भावाला, भरतेशला, नेलं होतं.

भरतेश जयसिंगपूरच्या शाळेत शिकवायचा आणि संध्याकाळी मुलांबरोबर व्हॉलीबॉल खेळायचा. गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला खडू धरता येईना. दाणा बसवला आणि महिन्याभरात तो पुन्हा मैदानात उतरला. मंजिरीला त्यानं मैदानावरून फोन लावला होता, धापा टाकत. पुढे सहा-सात महिन्यांनी चेंडू मारायला हात वर केला आणि दंडाचं हाड मोडलं. मग मणका खचला. मग मूत्रपिंडं बसली. दाणा उजेडाशिवायच पाझरत होता, रात्रंदिवस. पट्टा विझलेला असतानाही पेशी गप्प बसत नव्हत्या.

राजहंसांना ते आधीपासून ठाऊक होतं. चाचणीतल्या शेळ्यांचे पाय असेच वाकले होते. साथीच्या रोगानं शेळ्या गेल्या, असं त्यांनी मंजिरीला सांगितलं होतं आणि तिनं ते मानलं होतं.

भरतेश गेल्यावर चौकशी बसली. राजहंसांनी शपथेवर सांगितलं की माणसानं हात घातल्याशिवाय दाणा पाझरूच शकत नाही. डॉ. कुडचे यांनी भावाच्या मायेपोटी, तो लवकर बरा व्हावा म्हणून, परस्पर ताल बदलला असावा. बाहेर व्हरांड्यात ते तिला हळूच म्हणाले होते, "एका माणसासाठी हजारोंचं औषध अडवता येत नाही गं. तू तरुण आहेस. सावरशील."

तिचा परवाना पाच वर्षं गेला. पण त्याहून वाईट गोष्ट घरात झाली. भरतेशची बायको, त्रिशलावहिनी, तिच्याशी बोलायच्या थांबल्या. जिनं स्वतःच्या भावाला प्रयोगाला लावलं, वर त्यातही ढवळाढवळ केली, तिचं तोंड बघायचं नाही, असं त्यांनी सासूसमोर सांगितलं. आईनंही तेच खरं मानलं. आई गेली तेव्हा मंजिरीला शेजाऱ्यांकडून कळलं. ती पोहोचली तोवर सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर मंजिरीनं मिरजेत येऊन एकच गोष्ट केली. तिनं न पाझरणारा दाणा बनवला. त्यातली पेशी उजेडाशिवाय संप्रेरक सोडायला लागली, की स्वतःच मरून जायची. त्याला इतकी वर्षं लागली. आता कुठे मोजक्या रुग्णांवर चाचणी करायची परवानगी मिळाली होती.

"तुम्हाला भीती नाही वाटत, सर?" तिनं विचारलं.

राजहंसांचा हात आता सैलावला होता. त्यांनी बटण लावलं. "तुझी? मी तुला शिकवलंय. तू सूड घेणाऱ्यांतली नाहीस."

"उद्या उपाशीपोटी या," मंजिरी म्हणाली.

*

खरं सांगायचं तर तिनं दाणा बसवला तेव्हा तिच्या मनात काही ठरलेलं नव्हतं. कुपी नीट बसवली, टाका नीट घातला, ताल अगदी चोख भरला. पंधरा दिवसांनी राजहंस तपासणीला आले ते हसतच. त्यांनी तिच्यासमोर शर्टाचं बटण काढलं आणि लावलं, पुन्हा काढलं आणि लावलं.

"बघ! लहान मुलासारखं वाटतंय मला." मग सहज बोलावं तसं ते बोलून गेले, "भरतेशलाही असंच वाटलं असेल ना पहिल्यांदा? किती खूष होता तो."

मंजिरीनं त्यांच्या हातावरचा पट्टा काढून टेबलावर यंत्राला जोडला. ते खिडकीतून बाहेर बघत तिच्या नव्या दाण्याचं कौतुक करत होते. तिनं तालातली विश्रांती काढून टाकली. ठोक्यांच्या जागी अखंड मंद उजेड. पट्ट्यावरचा, सगळं ठीक असल्याचं दाखवणारा हिरवा ठिपका हिरवाच राहील अशी व्यवस्था केली. या सगळ्याला एखादा चहा निवेल एवढाच वेळ लागला.

"झालं?" राजहंसांनी विचारलं.

"झालं."

पुढचे महिने मंजिरीच्या आयुष्यातले सगळ्यात उत्साहाचे होते. सकाळी ती लवकर उठायची. जेवण चवीनं जेवायची. राजहंस दर महिन्याला यायचे आणि तिला त्यांच्यातला एकेक बदल दिसायचा. आधी ते सारखं पाणी मागायला लागले. मग म्हणाले, भूक लागत नाही, पोट साफ होत नाही, मन कशात लागत नाही. तिनं ऊन, थकवा, वय अशी कारणं सांगितली. हाडांची जाळी दाखवणारी काचेची पाटी ती त्यांच्या मनगटावर ठेवायची. निरोगी हाडाची जाळी मधाच्या पोळ्यासारखी घट्ट असते. त्यांच्या जाळीतले धागे तुटत होते, एकेक घर मोठं होत होतं. पाटी ती अशी धरायची की फक्त तिलाच दिसेल.

'हे भरतेशनं बघितलं नव्हतं,' ती मनाशी म्हणायची. 'तुम्हीही बघू नका.'

एकदा जिना उतरताना त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. ती वरच्या पायरीवर उभी राहून ते खाली पोहोचेपर्यंत बघत राहिली. त्या दिवशी घरी जाताना तिनं स्वतःसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला.

*

शेवटी त्यांना कळलं. कळणारच होतं; या विषयात त्यांच्याएवढा जाणता माणूस नव्हता. ते वेळ न ठरवता आले आणि दार लावून घेतलं.

"पुण्यात रक्त तपासून घेतलं. साडेदहाच्या वर जायला नको ते कॅल्शियम बारावर गेलंय. तुझा दाणा पाझरतोय, मंजिरी."

"माझा दाणा पाझरत नाही, सर. पाझरायचा तो तुमचा."

राजहंस तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर सावकाश हातावरच्या पट्ट्यावर गेली.

"ताल," ते म्हणाले.

"हो."

"कधीपासून?"

"तुम्ही भरतेशचं नाव काढलंत तेव्हापासून."

ते खाली बसले. बसतानाही त्यांना कंबर सांभाळावी लागली. "मी पोलिसांत जाईन."

"जा ना. काय सांगाल? डॉक्टरनं रुग्णाचा ताल बदलला? हे तुम्ही एकदा शपथेवर सांगून झालंय. पुन्हा सांगितलंत की जुनं प्रकरण उघडेल. त्यातून काय काय बाहेर येईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"पट्टा काढून टाकतो."

"काढा. एक-दोन दिवसांत हात वळतील, घसा आवळेल. गोळ्या घेतल्यात तर उरलेलं मूत्रपिंड जाईल. ताल तर माझ्याच यंत्रातून बदलतो. तुम्हाला काय झेपतं ते बघा."

"तू माझी विद्यार्थिनी आहेस!" त्यांचा आवाज चिरकला.

"म्हणून तर ताल इतका छान बसलाय."

मग मंजिरीनं अट सांगितली. त्यांनी स्वतः अर्ज करून चौकशी पुन्हा उघडायची. शेळ्यांचं, दाण्याच्या पाझराचं आणि तिच्यावर घातलेल्या आळाचं सगळं खरं सांगायचं, आणि तेही त्रिशलावहिनींच्या समोर. ते ज्या दिवशी हो म्हणतील त्या दिवशी ती ताल पूर्ववत करील.

"हाडं भरून येतात, सर. मधे विश्रांती मिळाली की पुन्हा भरतात. तुमचंच संशोधन आहे. फक्त फार उशीर करू नका."

"माझं नाव मातीत घालू?" राजहंस उठले. "चाळीस वर्षांचं काम आहे माझं. मोडू देत हाडं."

ते गेले. मंजिरीला वाटलं होतं, आता आपल्याला भीती वाटेल, निदान कसंनुसं तरी होईल. पण ते हो कधी म्हणतात, याची तिला नुसती घाई झाली होती.

महिना-दीड महिना त्यांचा काही निरोप आला नाही. मग एका दुपारी फोन आला. आवाज इतका बारीक होता की आधी तिनं ओळखलाच नाही.

"शिंकलो, मंजिरी. नुसता शिंकलो."

"कुठली बरगडी?" तिनं विचारलं.

पलीकडून बराच वेळ फक्त श्वास ऐकू येत राहिला, अर्धा अर्धा घेतलेला.

"अर्ज करतो," ते म्हणाले. "तुझ्या वहिनीला घेऊन ये."

ती त्याच दिवशी पुण्याला गेली. ते पलंगावर होते. तिनं शब्द दिल्याप्रमाणे पट्ट्यात जुना ताल परत भरला, ठोका आणि विश्रांती, आणि एक शब्दही न बोलता निघून आली.

*

जयसिंगपूरच्या घराचं दार त्रिशलावहिनींनी उघडलं, पण त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. केस पिकले होते.

"काय काम काढलंस?"

"वहिनी, राजहंस सर चौकशीपुढे खरं सांगणार आहेत. दादाचं. तुम्ही याल?"

"मी कशाला येऊ? झालं ते झालं. माणूस परत येणार आहे होय?"

"माझ्यासाठी नका येऊ. दादासाठी या. मी काही केलं नव्हतं, वहिनी. तेव्हाही सांगत होते."

वहिनींनी तिच्याकडे नीट बघितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "आत ये," त्या म्हणाल्या. "उन्हात किती उभी राहशील."

*

चौकशी मंडळापुढे राजहंस चाकाच्या खुर्चीतून आले. बोलताना त्यांचा एक हात बरगडीवर होता. पण बोलले मात्र स्वच्छ. शेळ्यांचे पाय कसे वाकले, ते त्यांनी कसं दडवलं, दाणा माणसाचा हात न लागताही पाझरतो हे ठाऊक असताना शपथेवर उलट कसं सांगितलं, सगळं.

"डॉ. कुडचे यांनी भावाच्या तालाला बोटही लावलं नव्हतं," ते म्हणाले. "मी खोटं बोललो."

त्रिशलावहिनींनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी न बघताच बाजूला हात नेला आणि मंजिरीचा हात घट्ट धरला.

राजहंस थांबले नाहीत. "आणि आता सगळंच खरं सांगायला बसलोय तर हेही सांगतो. माझी ही अवस्था त्यांनी केली आहे. माझ्या दाण्याचा ताल त्यांनी मुद्दाम बदलला."

सभागृहात कुजबुज झाली. मंजिरीचा हात अजून वहिनींच्या हातात होता.

मंडळाच्या अध्यक्षा पन्नाशीच्या, शांत बाई होत्या. त्यांनी चष्मा काढला. "डॉ. राजहंस, हाच आरोप, जवळजवळ याच शब्दांत, तुम्ही मागेही केला होतात. तो खोटा होता हे तुम्ही आत्ताच आमच्यासमोर कबूल केलंत."

"तो खोटा होता. हा खरा आहे."

"तुमचा पट्टा द्या."

तिथल्या तंत्रज्ञानं पट्टा तपासला. पट्ट्यात फक्त चालू ताल असतो, मागचं काही राहत नाही. ताल अगदी बरोबर होता.

"आणि दाणा आपोआप पाझरतो, हेही तुम्हीच आत्ता सांगितलंत," अध्यक्षा म्हणाल्या. "मग तुमच्या आजाराला वेगळं कारण कशाला शोधायचं?"

मंजिरीनं इतकी वर्षं मनात रंगवलेलं सगळं तिच्यासमोर घडत होतं. हा माणूस खरं बोलत होता आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं. तिच्या आयुष्यात याहून गोड क्षण आला नव्हता.

तो फार टिकला नाही.

"डॉ. कुडचे," अध्यक्षा तिच्याकडे वळल्या. "या रुग्णाच्या हातात तुमचा नवा दाणा आहे. त्याचं कॅल्शियम वाढलं, हाडं झिजली. तुमचाही दाणा पाझरतो का?"

उत्तर तिला माहीत होतं. तिचा दाणा पाझरत नव्हता, पाझरूच शकत नव्हता. त्यासाठी तिनं आयुष्याची उमेदीची वर्षं घातली होती. पण दाणा पाझरत नसेल, तर मग या माणसाची हाडं कशानं झिजली, हा पुढचा प्रश्न होता. वहिनींचा हात गरम आणि ओला लागत होता. राजहंस खुर्चीत पुढे झुकून तिच्याकडे बघत होते. त्यांनाही उत्तर माहीत होतं.

"शक्यता नाकारता येत नाही," मंजिरी म्हणाली.

मंडळानं तिला निर्दोष ठरवलं, तिच्यावर झालेल्या अन्यायाबद्दल खेद व्यक्त केला, आणि नव्या दाण्याची चाचणी पुढील तपास होईपर्यंत थांबवली. ज्यांना दाणा बसवला होता त्यांनी तो देखरेखीखाली वापरावा. नव्या कुणाला बसवू नये. तपासाला दोनेक वर्षं लागतील, असा अंदाज होता.

*

परतताना दोघी भाड्याच्या चालकरहित गाडीत मागे बसल्या होत्या. गाडी आपल्या चालीनं साताऱ्याच्या पुढे आली. वहिनी बराच वेळ बाहेरच्या उसाकडे बघत होत्या.

"मी तुझ्याशी फार वाईट वागले, मंजू."

"जाऊ दे ना, वहिनी."

"कसं जाऊ दे? आईंच्या शेवटच्या दिवसांतही तुला बोलावू दिलं नाही मी. त्या एकदा म्हणाल्या होत्या, मंजूला बोलवा. मी ऐकलं नाही." त्यांनी डोळे पुसले. "तो माणूस शेवटी काय म्हणाला, ते खरं नाही ना?"

सांगून टाकावं, असं मंजिरीला खरोखर वाटलं. वाक्य जिभेवर आलं होतं.

"नाहीच म्हणा," वहिनी स्वतःच म्हणाल्या. "ह्यांचं कसं झालं होतं ते मी बघितलंय. कूस बदलताना हाड मोडायचं. ओरडू नये म्हणून उशी चावायचे. ते जाणूनबुजून दुसऱ्या कुणाचं करणारी बाई... वैरी असला म्हणून काय झालं? तसली बाई असती तर पुन्हा तिचं तोंड बघितलं नसतं मी."

"नाही, वहिनी," मंजिरी म्हणाली. "खरं नाही ते."

वहिनींनी डोकं तिच्या खांद्यावर टेकलं. कऱ्हाड येईपर्यंत त्यांना झोप लागली होती.

*

नव्या दाण्यासाठी नाव घातलेल्या रुग्णांना मंजिरीनं एकेक करून बोलावून सांगितलं. त्यात तस्लीम होती, सतारीच्या तारा जुळवणाऱ्या घरातली पोरगी. तिच्या ग्रंथी बाळंतपणानंतर झालेल्या शस्त्रक्रियेत गेल्या होत्या. बाळ घेताना हात वळतो म्हणून ती त्याला उचलायला घाबरायची.

"पाझरतो म्हणे तुमचा दाणा?" तस्लीमनं विचारलं.

"तपास चालू आहे," मंजिरी म्हणाली.

"मग नकोच बाई. गोळ्याच घेते मी." आणि उलट तिनंच मंजिरीला धीर दिला, "तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. खरं सांगितलंत, हेच खूप झालं."

त्रिशलावहिनी आता दर रविवारी मिरजेला येऊ लागल्या. डबा घेऊन यायच्या, तिच्या ओट्यावर हक्कानं भांडी लावायच्या, भरतेशच्या लहानपणच्या गोष्टी तिच्याकडून पुन्हा पुन्हा ऐकायच्या. मंजिरी सांगायची. सांगताना सांभाळून बोलायची.

राजहंसही येत राहिले. दुसरीकडे जाणार कुठे? त्यांच्या हातात तिचाच दाणा होता. कंपनीतून त्यांना काढून टाकलं होतं, ओळखीचे लोक टाळत होते. पण हाडं भरत होती. आता ते चाकाच्या खुर्चीऐवजी काठीवर आले. मंजिरीनं पाटी त्यांच्या मनगटावर ठेवली आणि या वेळी त्यांनाही दिसेल अशी धरली. जाळीतली मोठी झालेली घरं पुन्हा बारीक होत होती, नवे धागे धरत होते.

"सुंदर दाणा बनवलायस," ते बघत म्हणाले. "मला जमला नाही, तो तू बनवलास. आणि तू तिथं सांगितलंस की तो पाझरतो."

मंजिरीनं पाटी बाजूला ठेवली.

"बाहेर एक मुलगी बसलीय, बाळ घेऊन," ते म्हणाले. "तिच्या सासूनं धरलंय बाळ. तिला स्वतःला धरवत नाही. तिला हवा होता ना तुझा दाणा?"

"हो."

"वहिनीला सांगितलंस?"

"नाही."

राजहंसांनी मान हलवली. त्या मान हलवण्यात राग नव्हता, हे तिला सगळ्यात जास्त लागलं. त्यांच्यापुढे तिला काही लपवावं लागत नव्हतं. असं दुसरं माणूस तिला उरलं नव्हतं.

ते काठीवर भार देऊन उठले. शर्टाची बाही खाली केली, मनगटाचं बटण लावलं आणि पूर्वी प्रयोगशाळेत एखादी अवघड गोष्ट समजावताना बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "पहिली दोन वर्षं जड जातात, मंजिरी. मग सवय होते."